उभा दिवस

नऊला पाच कमी असताना धाकटी घरच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात शिरली आणि दारातच तिच्या लक्षात आलं, आज सगळे आपल्याशी फारच गोड बोलताहेत.

"ये गं ये, दमली असशील," जाऊबाई म्हणाल्या. घर कारखान्याच्या वरच होतं. धाकटी सतरा पायऱ्या उतरून आली होती.

"बस घटकाभर," मोठे भावजी म्हणाले.

"आज?"

"अरे हो, आज उभा दिवस नाही का! विसरलोच मी." भावजींनी कपाळावर हात मारून घेतला. अभिनय त्यांना बापजन्मात जमला नव्हता.

धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीपाशी सोनेरी वर्ख लावायचा ब्रश उजेडात धरून असा काही तपासत होता, की त्याला केस किती आहेत हे आज मोजायलाच हवं. त्याचे कान लाल झाले होते. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, लाल कानांचा अर्थ तिला कुणी सांगायला नको होता. काल जेवताना तिनं फक्त त्याला एकट्याला सांगितलं होतं, आणि दहादा बजावलं होतं की उद्या मी स्वतः बोलेपर्यंत तोंड उघडायचं नाही. या माणसाच्या पोटात अन्न सोडून काही राहत नाही, हे ती कशी विसरली कोण जाणे.

गोष्ट अशी होती, की धाकटीला बस चालवायची नोकरी मिळाली होती. आठ महिने दर रविवारी ती मैत्रिणीकडे जाते म्हणून जात होती आणि शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानावर एक रिकामी, खडखडणारी बस पुढेमागे करत होती. परीक्षा झाली, पास झाली, पत्र आलं. सोमवारी सकाळी सहाला आगारात हजर व्हायचं होतं. ते पत्र या क्षणी तिच्या पर्समध्ये चौपदरी घडी होऊन पडलं होतं आणि त्याच्या आठवणीनं तिला मधूनच विनाकारण हसू फुटत होतं.

आणि भावजींना हसू फुटत नव्हतं, त्यालाही कारण होतं. गेल्याच महिन्यात त्यांनी एका कॉलेजच्या ग्रंथालयाची चार हजार पुस्तकं नव्यानं बांधून द्यायचं काम अंगावर घेतलं होतं, आणि ते घेताना छातीठोकपणे सांगितलं होतं, आमच्याकडच्यासारखी शिलाई तुम्हाला कुठे मिळणार नाही. शिलाई म्हणजे धाकटी. तिच्यासारखा हात घरात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

आता उभ्या दिवसाबद्दल. हा या घराचा जगावेगळा प्रकार पणजोबांनी सुरू केला. पणजोबा अकरा वर्षं टपाल कचेरीत कारकून होते. एक दिवस त्यांच्या खुर्चीचा पाय मोडला. नवी खुर्ची यायला तीन दिवस लागले आणि ते तीन दिवस त्यांनी उभ्यानं काम केलं. बसलं असताना अकरा वर्षांत जे सुचलं नाही ते उभं राहिल्यावर दुसऱ्याच दिवशी सुचलं: आपण इथे का बसतो? नवी खुर्ची आली तेव्हा त्यांनी तिच्यावरून प्रेमानं हात फिरवला, साहेबांना नमस्कार केला आणि घरी निघून गेले ते पुस्तकं बांधायला लागले. पुढे कारखाना वाढला तेव्हा त्यांनी नियम घालून दिला. दर तीन वर्षांनी एक दिवस काम बंद. नऊ ते पाच सगळ्यांनी उभं राहायचं. प्रत्येकाला विचारायचं, तू का बसतोस? त्यानं मोठ्यानं उत्तर द्यायचं आणि बाकीच्यांनी ओरडायचं, खरं की खोटं. खरं ठरलं तर बसायचं. ज्याला जायचं असेल त्यानं कारण सांगून पाचपर्यंत उभं राहायचं आणि पाचाला मोकळं व्हायचं. त्यावर कुणी रुसायचं नाही.

शिवाय एक पोटनियम होता. परवानगी मिळायच्या आधी जो ज्या जागेवर बसेल, त्या जागेचं काम तीन वर्षं त्याचं. या पोटनियमाला दयामाया नव्हती. बारा वर्षांपूर्वी मोठे भावजी चप्पल काढायला म्हणून खळीच्या स्टुलावर टेकले आणि त्यांनी तीन वर्षं खळ शिजवली. त्या तीन वर्षांत बांधलेली पुस्तकं अजूनही अधूनमधून पानं गळत परत येतात. त्या काळात कापणीचं यंत्र जाऊबाईंनी चालवलं, तेही नवऱ्यापेक्षा सरळ.

"स्टुलं कुठायत?" धाकटीनं विचारलं. एरवी सहा स्टुलं असलेल्या त्या लांबलचक खोलीत आज एकच स्टूल दिसत होतं. तिचं. शिलाईच्या चौकटीसमोरचं. आणि त्याच्यावर निळी, जाडजूड, नवी कोरी उशी होती.

"पॉलिशला," भावजी म्हणाले. "मागच्या खोलीत आहेत. ज्याचं उत्तर पटेल त्याला त्याचं आणून देऊ."

"आणि माझंच नाही दिलं पॉलिशला?"

"तुझं चांगलंय गं. उशी बघ ना, हिनं शिवलीय. किती मऊ. हात लावून तरी बघ."

"हात लावते," धाकटी म्हणाली, आणि लांबूनच एक बोट लावलं.

स्टुलाखेरीज खोलीत बसण्याजोगी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे दाराजवळची सासऱ्यांची, अण्णांची, हातांची खुर्ची. ती चौघांनी उचलल्याशिवाय हलत नसल्यामुळे पॉलिशच्या कटातून सुटली होती.

घड्याळात नऊ वाजले आणि आत्यांनी काठी आपटली. आत्या म्हणजे अण्णांच्या थोरल्या बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, काठी केवळ आपटण्यासाठी. उभ्या दिवसाच्या पंच त्याच, आणि बहात्तर वर्षांच्या अण्णांना बाळ्या म्हणणाऱ्या जगातल्या एकट्या.

"चल रे बाळ्या. तू का बसतोस?"

अण्णांनी खुर्चीच्या हातावर हात ठेवला. दर तीन वर्षांनी ते पहिले असत आणि दर वेळी त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "मी नाही बसलो तर कोण बसणार?" असं म्हणून ते एक लांबलचक सुस्कारा टाकत आणि बसत. सगळे "खरं" म्हणत. ते इतकं पाठ झालेलं होतं, की कुणी ऐकतही नसे.

"मी नाही बसलो तर कोण बसणार?" अण्णा म्हणाले.

"खोटं!"

शब्द तोंडातून गेल्यावर धाकटीला कळलं की तो आपलाच आवाज. तिनं तोंडावर हात ठेवला. तोवर नवरा, जाऊबाई आणि भावजी एकेक पाऊल मागे सरकले होते आणि ती खोलीच्या मधोमध एकटीच उभी होती.

"कोण म्हणालं?" अण्णांनी विचारलं. विचारायची काहीच गरज नव्हती.

"मी, अण्णा."

"छत्तीस वर्षं मी काठी आपटतेय," आत्या खुशीनं लाल होऊन म्हणाल्या, "पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं गं बाई! खोटं तर खोटं. बाळ्या, उभा राहा."

"मग खरं काय ते तूच सांग ना," अण्णा धाकटीला म्हणाले.

"ते मला कसं ठाऊक असणार? पण खरं असतं तर बसताना तुम्ही एवढा सुस्कारा टाकला नसता. अठरा वर्षं ऐकतेय मी."

अण्णांनी खुर्चीकडे पाहिलं आणि हात मागे बांधून खोलीत फेऱ्या मारायला लागले. धाकटीला इतकं हसायला येत होतं, की तिनं पदर तोंडात कोंबला. सोमवारी जायचंच आहे म्हटल्यावर माणसाची जीभ किती सैल सुटते!

मग भावजींची पाळी आली. "मला कापायला आवडतं," ते म्हणाले. "कागदाचा गठ्ठा यंत्राखाली सरळ कापला जातो ना, तेव्हा मला फार बरं वाटतं." सगळे एका सुरात "खरं" म्हणाले. त्यांचं स्टूल आलं, भावजी ऐटीत बसले आणि तिथून मोहीम चालवू लागले.

पहिला हल्ला चहाचा. जाऊबाईंनी काठोकाठ भरलेला, बिनकानाचा, चटका देणारा पेला धाकटीच्या हातात दिला आणि निळ्या उशीकडे डोळ्यांनी खूण केली. धाकटीनं पेला या हातातून त्या हातात नाचवत, नाचतच, उभ्यानं संपवला. दुसरा हल्ला आठवणींचा. "तू नवी आलीस तेव्हा पहिल्या दिवशी याच जागी बसली होतीस, आठवतं? कशी बसली होतीस गं? दाखव ना." धाकटीनं तोंडी दाखवलं. तिसरा हल्ला जेवणाचा. उभ्यानं जेवताना आमटी सांडते, सांडलेली आमटी पुसायला माणूस वाकतो आणि वाकलेल्या माणसाच्या मागे कुणीतरी स्टूल आणून ठेवतो. धाकटीनं वाकल्या वाकल्या मागे हात फिरवून पाहिला, हाताला उशी लागली, आणि ती अशी ताडकन सरळ झाली की आमटीची वाटी थेट भावजींच्या मांडीवर. आत्या हसून हसून खोकायला लागल्या. त्यांना भिंतीला टेकवून पाणी पाजावं लागलं. भिंतीला टेकणं म्हणजे बसणं नव्हे, हा निकाल त्यांनी स्वतःच दिला.

जेवणानंतर आत्यांनी काठी आपटली. "धाकटे, आता तू. का बसतेस?"

"मी बसत नाही, आत्या. मी जातेय. मला बसचालकाची नोकरी मिळालीय."

कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. आत्यांनासुद्धा नाही. म्हणजे नवऱ्यानं एकालाही वगळलं नव्हतं.

"कारण?"

धाकटीनं कारण आठ दिवस घोटून ठेवलं होतं. "सरकारी नोकरी आहे. ठरलेल्या वेळा, ठरलेली रजा, म्हातारपणाची सोय..."

"खोटं!" चौघं ओरडले. सर्वांत मोठा आवाज अण्णांचा होता, आणि त्यात सकाळचा हिशोब चुकता केल्याचं समाधान होतं.

धाकटीनं मान वळवली. शिलाईच्या चौकटीवर ताणलेले दोरे समोर दिसत होते. अठरा वर्षांपूर्वी अण्णांनीच तिला शिकवलं होतं. फर्मा, म्हणजे दुमडलेल्या पानांचा जुडगा, कसा उघडायचा, सुई घडीच्या बरोब्बर मधून कशी काढायची, धाग्याला मेण किती लावायचं. ती त्या चौकटीकडे बघतच बोलली.

"मला शिलाईचा कंटाळा आलेला नाही. तीच तर पंचाईत आहे. आला असता तर मागल्याच खेपेला गेले असते. मागल्या खेपेला मी म्हणाले, मला जमतं म्हणून बसते. तुम्ही सगळे खरं म्हणालात. आणि ते खरंच होतं. पण मी स्टुलावर बसले आणि मनात आलं, जमतं म्हणून किती वर्षं? मग एकदा बांधलेले गठ्ठे पोचवायला बसनं गेले. पुढे ड्रायव्हरशेजारी उभी होते. एवढी मोठी काच, आणि समोरचा सगळा रस्ता आपल्याकडे येतोय. मला वाटलं, हे मी करावं. का ते माहीत नाही. परीक्षेच्या दिवशी अरुंद रस्त्यात ती अख्खी बस वळवली ना, तेव्हा मी मोठ्यानं हसले. एकटीच. परीक्षक घाबरला. म्हणाला, बाई, काय झालं? इथे मी अशी कधी हसले ते मला आठवत नाही, आत्या. तुम्ही सगळे आवडता मला. हेही काम आवडतं. पण मी चाळिशीची व्हायच्या आत मला तिथे बसून बघायचंय."

भावजी आमटीचा डाग चोळत होते.

"खरं," जाऊबाई म्हणाल्या. त्या पहिल्या म्हणाल्या, आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या.

"खरं," आत्या म्हणाल्या. "पाचपर्यंत उभी राहा." मग त्यांची काठी धाकटीच्या नवऱ्याकडे वळली. "आणि तू? तू का बसतोस?"

हा माणूस दर वेळी "सोनेरी अक्षरं काढायला" म्हणायचा आणि कुणी ओरडायच्या आत बसायचा. आज तो ब्रश हातात घेऊन तसाच उभा राहिला. कान पुन्हा लाल झाले.

"ती शेजारी असते म्हणून," तो म्हणाला.

जाऊबाईंना हसू आवरेना. "खरं!" सगळे ओरडले, भावजी सर्वांत आधी. मग त्याच्याच लक्षात आलं. "म्हणजे सोमवारपासून मला कारणच नाही की."

धाकटीला हसावं की रडावं कळेना. ती त्याच्याजवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "सगळ्यांना सांगायला नको होतंस."

"नको होतं. पण मला वाटलं, दादा काहीतरी करून तुला अडवेल. मला अडवायला जमलं नसतं."

"तुला अडवायचं होतं?"

"काल होतं. आत्ता तू ते हसण्याचं सांगितलंस, तेव्हापासून नाही. मला ते हसणं ऐकायचंय. कुठल्या मार्गावर असतेस ते कळव फक्त."

"कुजबुज बंद!" आत्या म्हणाल्या. "आज बस तू. पुढच्या खेपेला दुसरं उत्तर आण. तीन वर्षं आहेत तुला." त्याचं स्टूल आलं आणि तो बसला, पण तोंड तिच्याकडे करून.

चार वाजून गेले. भावजींचा धीर सुटत चालला होता. त्यांनी शेवटचा डाव काढला, आणि तो खरोखर हुकमी होता. मागच्या खोलीतून त्यांनी एक पुस्तक आणलं, जे त्यांनी स्वतः आदल्या रात्री मुद्दाम भयंकर शिवून ठेवलं होतं. धागा सैल, टाके तिरके, तिसरा फर्मा उलटा. ते त्यांनी शिलाईच्या चौकटीवर उघडून ठेवलं, सुई शेजारी ठेवली आणि काहीही न बोलता जाऊन बसले.

धाकटीला ते बघवेना. तिनं तोंड फिरवलं. खिडकीबाहेर बघितलं. परत त्याच्याकडे बघितलं. बोटं शिवशिवायला लागली. असं पुस्तक समोर पडलेलं असताना उभं राहणं हा शुद्ध छळ होता. ती एक पाऊल पुढे झाली. मग दुसरं. सगळ्यांनी श्वास रोखला.

"हे कुणी शिवलं?"

विचारलं होतं अण्णांनी. सकाळपासून फेऱ्या मारता मारता ते चौकटीपाशी येऊन थांबले होते. "अरे, हा फर्मा उलटाय! लाज नाही वाटत? कुणी शिवलं हे?" उत्तराची वाट न बघता त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, सुई उचलली, टाका उसवला, तिरका धागा बोटाला गुंडाळून ओढून काढला आणि पुढचा टाका घ्यायला निळ्या उशीवर बसले.

आत्यांनी काठी आपटली नाही. त्यांच्या हातातून ती पडली.

"अण्णा!" भावजी किंचाळले. "उठा! उठा आधी!"

"काय झालं?" अण्णांनी विचारलं. मग खाली पाहिलं. मग सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"बाळ्या," आत्या म्हणाल्या, "तीन वर्षं."

"पण ते चुकून बसले!"

"तूसुद्धा खळीवर चुकूनच बसला होतास," जाऊबाई म्हणाल्या.

"अहो, पण कारखान्याचे मालक आहेत ते! फोन कोण घेणार? गिऱ्हाईकांशी कोण बोलणार? त्या खुर्चीत कोण बसणार?"

"आत्या, मला विचारा," जाऊबाई म्हणाल्या.

"तू का बसतेस?"

"फोन मीच घेते. गिऱ्हाईकांशी मीच बोलते. बावीस वर्षं त्या खुर्चीचं सगळं काम मी उभ्यानं केलं. आता बसून करायचंय."

"खरं!" धाकटी आणि तिचा नवरा एकदम ओरडले. भावजींनी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. मोठ्या कष्टानं त्यांच्या तोंडून "खरं" निघालं. जाऊबाई खुर्चीत बसल्या. सुस्कारा अजिबात टाकला नाही. बसल्या बसल्या त्या भावजींना म्हणाल्या, "आधी पाय पुसायचं फडकं आणा, आमटी सांडलीय सगळीकडे," आणि भावजी उठून फडकं आणायला गेलेसुद्धा. मग मात्र धाकटीला आवरलं नाही. ती पोट धरून हसली, नवरा हसला, आत्या पुन्हा खोकल्या, आणि फडकं घेऊन परत आलेले भावजी आधी चिडले आणि मग त्यांनाही हसू आलं.

अण्णा एकटे हसत नव्हते. ते टाका घालत होते. पहिला चुकला, दुसरा चुकला. सुईत धागा ओवायला तीन प्रयत्न लागले. पण तिसरा टाका घडीच्या मधून गेला आणि त्यांचा अंगठा आपसूक धाग्यावर दाबला गेला, अगदी त्यांनी धाकटीला शिकवलं होतं तसा.

"चाळीस वर्षं झाली," ते कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले. "वडील गेले तेव्हा या जागेवरून उठून तिकडे गेलो. कुणीतरी बसायला हवं होतं. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही."

"चार हजार पुस्तकं आहेत, अण्णा," भावजी काकुळतीनं म्हणाले.

"शिवीन. सावकाश शिवीन. मुदत वाढवून मागायची. तुझी बायको मागेल, तिला छान जमतं." मग त्यांनी मान वर न करता हाक मारली. "धाकटे, ही गाठ कशी मारतेस तू हल्ली? मी दुहेरी मारायचो."

धाकटी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. खांद्यावरून वाकून तिनं त्यांचं बोट धरलं, धाग्याच्या खालून नेलं, वर काढलं. त्यांच्या बोटाला अजून शिलाईचा घट्टा होता, फार जुना, जवळजवळ बुजलेला. तिला एकदम भरून आलं. अठरा वर्षं ज्या जागेवरून उठायची तिला भीती वाटत होती, ती जागा अशी पाच मिनिटांत भरली होती. घड्याळात पाचाचे ठोके पडायला लागले. आत्यांनी ते बोटांवर मोजले आणि म्हणाल्या, "सुटलीस गं." धाकटी हलली नाही. तिथेच उभी राहून ती अण्णांचा पुढचा टाका बघत राहिली, बरोबर पडतो की नाही, आणि डोळे पुसत राहिली.

टाका बरोबर पडला.

"धाकटे," अण्णा म्हणाले, "उजेड अडतोय माझा. बाजूला हो."

ती बाजूला झाली.